जंताच्या औषधाला डोकं वर करणारी घोडी

प्रश्न असा आला आहे: "माझ्याकडे सात वर्षांची घोडी आणि अठरा वर्षांचा खच्ची घोडा आहे. दर दोन महिन्यांनी जंताचं औषध द्यायचं, असं आम्हाला पहिल्यापासून सांगितलंय. घोडा मुकाट घेतो. घोडी मात्र औषधाची नळी दिसली की डोकं वर फेकते, मागे सरकते. मागच्या खेपेला तिघांनी धरलं, मोतद्दाराच्या पायावर टाप पडली आणि निम्मं औषध भिंतीवर उडालं. तारीख जवळ आली की माझी झोप उडते. यातून काही सोपा मार्ग आहे का?"

आहे. आधी कॅलेंडर बघू, मग घोडीच्या तोंडाकडे वळू.

दर दोन महिन्यांचा नियम तुमच्याकडे कुणी मनानं काढलेला नाही. तो १९६६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडला आणि त्या काळासाठी तो बरोबर होता. तेव्हा घोड्यांचा खरा वैरी होता मोठा स्ट्राँजाइल नावाचा आतड्यातला जंत. त्याच्या अळ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत जाऊन राहतात. तिथे रक्ताच्या गुठळ्या होतात, आतड्याचा एखादा भाग रक्ताविना सडतो आणि घोडा पोटशुळानं जातो. या जंताला वाढून अंडी घालायला सहा महिने तरी लागतात. दर आठ आठवड्यांनी औषध पडत राहिलं की त्याची पुढची पिढी कुरणावर पोचतच नाही. नीट सांभाळलेल्या घोड्यांत तो जंत दुर्मिळ झाला, तो याच नियमामुळे.

पण त्याची जागा लहान स्ट्राँजाइलनी घेतली. यांच्या पन्नासच्या आसपास जाती आहेत आणि चरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घोड्याच्या पोटात त्या थोड्याफार असतात. थोडे असले तर निरोगी प्रौढ घोड्याचं काही बिघडत नाही. वारंवार औषध दिल्यानं मात्र औषधाला दबणारे जंत मरतात, न दबणारे उरतात, आणि कुरणावर पडतात ती फक्त त्या उरलेल्यांची अंडी. फेनबेंडाझोल या औषधाच्या गटाला लहान स्ट्राँजाइल आज जगभर दाद देत नाहीत. पायरँटेललाही अनेक ठिकाणी देत नाहीत. आयव्हरमेक्टिन आणि मॉक्सिडेक्टिन अजून बऱ्याच ठिकाणी चालतात, पण त्यांच्यानंतर अंडी पूर्वीपेक्षा लवकर परत दिसायला लागली आहेत आणि हे लक्षण चांगलं नाही. गोल जंतांवर घोड्यांसाठी नव्या गटाचं औषध गेल्या कित्येक दशकांत आलेलं नाही. हातात आहेत ती औषधं जपूनच वापरायला हवीत.

म्हणून आता प्रौढ घोड्याला वर्षातून एकदा किंवा दोनदा ठरलेलं औषध आणि त्यापलीकडे लिदीच्या तपासणीत गरज दिसली तरच, अशी पद्धत आहे. डेन्मार्कमध्ये तर १९९९ पासून पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय जंताचं औषध मिळत नाही. तुमच्या हिशेबात याचा अर्थ एवढाच की घोडीशी वर्षातून सहा वेळा होणारी झटापट दोनवर येऊ शकते. माझ्या ओळखीच्या कित्येक मालकांच्या डोक्यावरचं निम्मं ओझं एवढ्या एका गोष्टीनं उतरलंय.

लिदीची तपासणी अवघड नाही. सकाळी पडलेली ताजी लीद घ्या. हातमोजा घालून तीन-चार वेगवेगळ्या गोळ्यांच्या आतला थोडा थोडा भाग पिशवीत भरा, हवा दाबून बाहेर काढा, तोंड घट्ट बांधा, घोड्याचं नाव आणि तारीख लिहा. पिशवी फ्रिजमध्ये थंड ठेवा, पण गोठवू नका, आणि शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. लीद उबेत पडून राहिली तर अंडी फुटतात आणि आकडा खोटा कमी येतो. तिथे मॅकमास्टर पद्धतीनं किंवा तशाच एखाद्या पद्धतीनं एका ग्रॅममधली अंडी मोजतात. साधारणपणे २०० पर्यंत कमी, २०० ते ५०० मध्यम आणि ५०० च्या वर जास्त असं धरतात. एकाच कुरणावरच्या प्रौढ घोड्यांत साधारण पाचातला एक घोडा एकूण अंड्यांपैकी ऐंशी टक्के अंडी टाकत असतो, आणि बहुधा वर्षानुवर्षं तोच घोडा. त्याला शोधायचं आणि औषध मुख्यतः त्याला द्यायचं. बाकीच्यांना विनाकारण द्यायचं नाही. नमुना मात्र मागच्या औषधानंतर पुरेसा काळ गेल्यावर घ्या, नाहीतर आकडा औषधाचा असतो, घोड्याचा नसतो. आयव्हरमेक्टिननंतर निदान दोन-तीन महिने आणि मॉक्सिडेक्टिननंतर चार महिने थांबा.

या तपासणीत न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत आणि त्या माहीत नसल्या तर माणूस गाफील राहतो. लहान स्ट्राँजाइलच्या अळ्या मोठ्या आतड्याच्या भिंतीत गाठी करून महिनोन्‌महिने, कधी दोन वर्षांहून जास्त, झोपून राहतात. त्या अंडी घालत नाहीत, त्यामुळे लिदीत शून्य दिसलं तरी भिंतीत हजारो असू शकतात. त्या सगळ्या एकदम बाहेर पडल्या तर भयंकर हगवण लागते, घोडा झपाट्यानं वाळतो आणि उपचार करूनही अनेक घोडे हाती लागत नाहीत. पट्टकृमींची अंडीही लिदीत क्वचितच सापडतात, त्यांच्यासाठी रक्ताची किंवा लाळेची वेगळी चाचणी असते. म्हणून चरणीचा हंगाम संपताना एकदा गाठीतल्या अळ्यांवर चालणारं मॉक्सिडेक्टिन आणि पट्टकृमींवर चालणारं प्राझिक्वांटेल, असा एक ठरलेला डोस तुमच्या पशुवैद्याशी बोलून वर्षातून एकदा ठेवायचा. घोडी शेपटीचं मूळ भिंतीला घासत असेल तर तेही सांगा. पिनवर्म नावाचा जंत गुदद्वाराभोवती अंडी चिकटवून जातो, आणि ती लिदीत नाही, त्वचेवर चिकटपट्टी दाबून शोधावी लागतात.

आता वजन. औषध नजरेच्या अंदाजानं द्यायचं नाही. घोड्याचं वजन डोळ्यांनी सांगताना अनुभवी माणसंही चुकतात, आणि बहुतेक वेळा कमीच सांगतात. कमी डोस म्हणजे जंतांना औषधाची ओळख करून देणं. काटा नसेल तर टेप घ्या. कोपराच्या मागून आणि पाठीच्या उंचवट्यावरून छातीचा घेर मोजा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेरानं गुणा, मग लांबीनं गुणा आणि ११,८८० नं भागा, म्हणजे वजन किलोत येतं. घेर १७० आणि लांबी १५५ असेल तर ३७७ किलो. अशाच घोडीला पाहून मोतद्दार तीनशेवीस म्हणाला असता आणि तिला जवळजवळ सातवा हिस्सा औषध कमी गेलं असतं. हे सूत्र पूर्ण वाढलेल्या घोड्यासाठी आहे, शिंगराला किंवा गाभण घोडीला लावू नका.

आता तुमच्या घोडीकडे.

तिच्या बाजूनं बघा. वर्षभर तिच्या तोंडाला हात कोण लावतं? लगाम घालताना तुम्ही, आणि नळी घेऊन आलेला माणूस. त्यातली नळी प्रत्येक वेळी कडू चव, घट्ट धरलेलं डोकं आणि चढलेले आवाज घेऊन आली. घोड्याला नाकाच्या अगदी समोरचं आणि हनुवटीखालचं दिसत नाही, म्हणून समोरून तोंडाकडे येणारी वस्तू ऐन जवळ आल्यावर तिच्या नजरेतून नाहीशी होते. ती घाबरली यात नवल नाही. आणि डोकं वर फेकल्यावर काय झालं? हात निघाला, नळी मागे गेली. म्हणजे डोकं वर केलं की सुटका होते, हा धडा तिला आपणच दिला. तोच धडा आता उलटा शिकवायचा आहे.

सुरुवात करण्याआधी तिचे दात बघून घ्या, ही पायरी कृपा करून गाळू नका. दाढांच्या कडा धारदार झालेल्या असतील, गालाला आतून जखम असेल, लगामाच्या जागी छोटा लांडगेदात असेल, तर नळी लागली की तिला खरंच दुखतं. दुखणाऱ्या तोंडाला कोणतंही शिक्षण उपयोगी पडत नाही. हट्टी म्हणून माझ्याकडे आणलेल्या घोड्यांपैकी काहींचा सगळा हट्ट दात घासून घेतल्यावर गेला.

पहिले काही दिवस नळी जवळसुद्धा आणायची नाही. खरारा झाल्यावर, ती निवांत असताना, डाव्या खांद्यापाशी उभं राहा. हात मानेवरून गालावर, गालावरून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत न्या. ती स्थिर उभी राहिली की त्याच क्षणी हात काढा. तिनं डोकं वर केलं तर हात काढू नका आणि दाबूही नका. हलका ठेवून तिच्या डोक्याबरोबर वर जाऊ द्या, आणि डोकं बोटभर खाली आलं की काढा. सगळं शिक्षण या एका वेळेवर उभं आहे. हात अर्धा सेकंद उशिरा निघाला तर तिला कळत नाही की कशामुळे निघाला. जमलं की ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा आत, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत. तिथे दात नसतात, त्यामुळे चावण्याची भीती नाही. दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटं, आणि ती कंटाळायच्या आत थांबायचं.

मग नळी आणा, पण औषधाची नको. गुळगुळीत टोकाची, कधीही औषध न भरलेली मोठी सिरिंज घ्या आणि तिच्यात सफरचंदाचा मऊ गर भरा. आधी बाहेरूनच चाटू द्या. बऱ्याच घोड्या दोन दिवसांत स्वतःहून टोक तोंडात घेऊ लागतात. मग कोपऱ्यातून आत घालून थोडा गर सोडा. तिला चव लागली की नळी बाहेर. एखाद्या दिवशी गर, एखाद्या दिवशी नुसतं पाणी, कधी रिकामीच नळी, म्हणजे प्रत्येक वेळी तेच येईल अशी तिची अटकळ राहत नाही. न दुखावलेल्या घोड्याला यासाठी आठ-पंधरा दिवस पुरतात. तुमच्या घोडीचं पूर्वीचं पाहता महिना-दीड महिना धरा, आणि एखादा दिवस मागे गेली तरी घाबरू नका, आदल्या पायरीवर परत या. मी स्वतः एका कडू नळीमागे वीस गोड नळ्यांचा हिशेब ठेवतो. औषधाच्या दुसऱ्याच दिवशी पुन्हा गोड नळी द्यायची, हे बहुतेक जण विसरतात.

औषधाच्या दिवशी तिघांना बोलावू नका. तिला ओळखणारा एक माणूस पुरतो, फार तर मदतीला दुसरा, आणि तोही तुमच्याच बाजूला उभा. तिला कोपऱ्यात कोंडू नका, पलीकडे भिंत आणि मागे मोकळी जागा असू द्या. दोर खुंटीला बांधू नका आणि हाताला गुंडाळू तर मुळीच नका. हॉल्टर नाकावर इतका सैल असावा की जबडा मोकळा हलेल. समोर उभं राहू नका, पुढचा पाय मारला तर तो थेट तुमच्यावर येतो. नाकाला फास लावून औषध देणारे मी पाहिलेत. त्या दिवशी औषध जातं, पण पुढच्या खेपेला ती फाससुद्धा लावू देत नाही. तुमच्या घोडीला तो नकोच.

नळी आधीच तयार ठेवा. दांड्यावरची कडी तिच्या वजनाच्या खुणेवर आणा, वजन दोन खुणांच्या मध्ये असेल तर वरची खूण धरा, आणि कडी घट्ट बसली आहे का ते पुन्हा बघा. सैल कडीमुळे मोठ्या घोड्याची अख्खी नळी छोट्या तट्टाच्या पोटात गेलेली मी पाहिली आहे. टोपण काढलंय ना, तेही बघा. पेस्ट गार असेल तर थोडा वेळ हातात धरून कोमट करा. टोकाला बाहेरून सफरचंदाचा गर लावा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तोंड रिकामं हवं. तोंडात गवताचा घास असेल तर पेस्ट त्याला चिकटते आणि दोन मिनिटांनी सगळा गोळा बाहेर पडतो. तुमचं औषध भिंतीवर गेलं त्यात याचाही हात असू शकतो. चंदी औषधानंतर, आधी नाही. शंका असली तर साध्या पाण्याच्या सिरिंजनं तोंड धुऊन घ्या. सरावामुळे तिला तेही ओळखीचं झालेलं असेल.

मग नेहमीसारखंच. खांद्यापाशी उभं राहायचं, हात गालावर ठेवायचा, नळी कोपऱ्यातून आत घालून टोक जिभेच्या मागच्या भागाकडे न्यायचं आणि एकाच सलग दाबात सगळं सोडायचं. डोकं थोडं वर राहील इतका हनुवटीला आधार द्या, आभाळाकडे ओढू नका. घसा हलला, म्हणजे गिळलं. लगेच चंदी द्या आणि तिला एकटं सोडा.

बाहेर पडलंच तर लगेच दुसरी नळी देऊ नका. किती पडलं ते बघा, नळीचं खोकं हातात घ्या आणि पशुवैद्याला फोन करा. आयव्हरमेक्टिनमध्ये थोडं जास्त झालं तरी प्रौढ घोडा सहसा सहन करतो. मॉक्सिडेक्टिनमध्ये तेवढी सूट नाही, आणि अशक्त किंवा अगदी लहान घोड्यात तर अजिबात नाही. तोंडातून देणं जमेपर्यंत थोड्या ओल्या चंदीत मिसळायचं दाणेदार औषध हाही मार्ग आहे, पण ते त्यासाठीच बनवलेलं हवं. चंदी तिला वेगळी द्यावी आणि गव्हाण चाटूनपुसून झाली का ते उभं राहून बघावं. निम्मं खाऊन सोडलं तर तो कमी डोसच.

औषधानंतर दिवसभर लीद थोडी पातळ झाली तर चालेल. ती खात नसेल, पोटाकडे वळून बघत असेल, खाली पडून लोळत असेल किंवा पोटाखाली सूज दिसत असेल, तर वाट बघू नका, पशुवैद्याला बोलवा. चौदाव्या दिवशी लिदीचा आणखी एक नमुना द्या. अंडी अपेक्षेइतकी उतरली नसतील तर एक तर ते औषध तुमच्याकडच्या जंतांवर चालत नाही किंवा ते पोटात पुरतं गेलंच नाही. दोन्ही गोष्टी पुढच्या खेपेआधी कळायला हव्यात. खोक्याचा फोटो, वजन, तारीख आणि दोन्ही आकडे एका वहीत ठेवा.

तुमच्या घोडीला पुढे शिंगरू झालं तर यातलं काही त्याला तसंच लावू नका. शिंगरांत वेगळेच, मोठे गोलकृमी असतात, पेन्सिलीएवढे जाड आणि वीतभरापेक्षा लांब. उमेदीच्या काळात मी सहा महिन्यांच्या एका शिंगराला, ज्याला आधी कधीच औषध दिलं नव्हतं, जोरदार औषध देऊन सगळे जंत एका झटक्यात मारले. त्यांचा गुंता लहान आतड्यात अडकला. ते शिंगरू गेलं, आणि ती चूक माझीच होती. तेव्हापासून पोट सुटलेल्या, केस रूक्ष झालेल्या शिंगराला मी आधी तपासल्याशिवाय हात लावत नाही. साधारण दोन-तीन महिन्यांच्या वयापासून, बहुधा फेनबेंडाझोलनं आणि वजन मोजून सुरुवात होते. आयव्हरमेक्टिन बऱ्याच ठिकाणी या गोलकृमींवर निकामी झालंय.

औषध कमी लागावं असं वाटत असेल तर कुरणावरची लीद आठवड्यातून दोनदा उचला. अंड्यातून निघालेली अळी चरण्याच्या गवतावर चढायला उबदार ओलाव्यात आठवडाभरसुद्धा पुरतो, म्हणून त्याच्या आत. उचललेली लीद ढीग करून चांगली तापू द्या, त्या उष्णतेनं अंडी मरतात. ताजी लीद खत म्हणून चरायच्या कुरणावर पसरू नका आणि दमट हवेत तिच्यावर दाताळंही फिरवू नका, त्यानं अळ्या सगळीकडे पसरतात. नवा घोडा आला की आधी लिदीची तपासणी आणि पशुवैद्य सांगेल ते औषध, मग कुरण. लसूण आणि तत्सम पावडरींवर जंतांसाठी विसंबू नका, मी त्यांच्या भरवशावर राहिलेले रोडावलेले घोडे पाहिलेत.

घरात कुत्रा असेल तर औषध देताना तो बांधलेला असू द्या, आणि नंतर काही दिवस त्याला लिदीत तोंड घालू देऊ नका. जमिनीवर सांडलेली पेस्ट पुसून टाका. आयव्हरमेक्टिन आणि मॉक्सिडेक्टिनचा घोड्याला दिलेला डोस कुत्र्याच्या मानानं प्रचंड असतो, आणि कॉलीसारख्या काही जातींत जन्मजात दोषामुळे हे औषध थेट मेंदूपर्यंत पोचतं. तडफडणारा, आंधळा झालेला कुत्रा घेऊन आलेले लोक मी पाहिलेत. भिंतीवर उडालेलं ते निम्मं औषध कुणी चाटलं नव्हतं ना, हे आजच घरात विचारून घ्या.

आणि मुकाट घेणारा तुमचा घोडा. त्याच्याकडे आतापर्यंत कुणी फारसं बघितलं नसणार, कारण तो त्रास देत नाही. पण जास्त अंडी टाकणारा घोडा बाहेरून ओळखू येत नाही, कित्येकदा तो अंगानं भरलेला आणि केस चमकणारा असतो. अठराव्या वर्षी प्रतिकारशक्ती थोडी उतरायलाही लागते. घोडीचा नमुना घ्याल तेव्हा त्याचाही घ्या, वेगळ्या पिशवीत, नावासकट. आकडा त्याचा मोठा निघाला तर या वर्षी कुरण त्याच्यामुळे भरतंय, आणि औषध घोडीपेक्षा त्याला जास्त वेळा लागेल.